ऑपरेशन झालं, आता पुढे काय? हृदयविकार असलेल्या मुलाचं वजन, बीपी, ताट आणि खेळ

ऑपरेशननंतर घरी सोडताना आम्हाला दोन पानांचा कागद मिळाला. औषधांच्या वेळा, टाके ओले होऊ देऊ नका, ताप आला तर फोन करा. लेक तेव्हा चार महिन्यांची होती. तिची महाधमनी, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, एका जागी आवळलेली होती. डॉक्टर त्याला कोआर्क्टेशन म्हणतात. आवळलेला तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काय सांभाळायचं, हे त्या कागदावर नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. मूल जगलं, एवढंच त्या दिवशी पुरेसं होतं.

आज ती अकरा वर्षांची आहे. या काळात डॉक्टरांना विचारून, चुका करून आणि तपासणीच्या रांगेत इतर आईबापांशी बोलून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या मुलाच्या हृदयरोगतज्ज्ञांचाच. पण घरात आणि शाळेत जे करायचं असतं, ते शेवटी आपल्यालाच करावं लागतं.

आधी दुखणं कुठे आहे ते समजून घ्या

हजार बाळांमागे आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. त्यातली आता बरीच मोठी होतात, चाळिशी-पन्नाशीही गाठतात. म्हणजे जो हृदयविकार आपल्या काका-मामांना होतो, रक्तवाहिन्यांत चरबी साचून होणारा, तो या मुलांच्याही वाटेवर पुढे उभा आहे. फरक इतकाच की यांच्या हृदयाने एक लढाई आधीच खेळलेली असते आणि गाठीला शिल्लक कमी असते.

ही चरबी चाळिशीत एकाएकी साचत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात १९७३ पासून मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. अपघात किंवा अन्य कारणांनी दगावलेल्या लहान वयाच्या मुलांच्या आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा त्यांतही चरबीचे पट्टे सापडले. ज्यांना वजन, बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांतल्या जास्त गोष्टी लागू होत्या, त्यांच्यात पट्टे जास्त होते.

आता आपल्या घरात काय होतं ते बघा. हृदयाला मोठं छिद्र असलेलं बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दमतं, वजन धरत नाही. डॉक्टर सांगतात, कमी दुधात जास्त ताकद द्या. मग पेजेत तूप, खिमटीत तेल, वाटीत साखर. ते त्या वेळी अगदी बरोबर असतं. ऑपरेशन झालं की हृदयाची ती धावपळ थांबते आणि तेवढ्या ताकदीची गरज उरत नाही. तुपाचा चमचा मात्र तसाच चालू राहतो. आजी म्हणते, "लेकरू एवढं सोसून आलंय, खाऊ दे की." बाबा म्हणतात, "पळू नकोस गं, दम लागेल." आजारपण गेलेलं असतं, आजारपणातल्या सवयी मात्र घरात ठाण मांडून बसतात. माझ्या मते अर्धी गोष्ट इथेच आहे.

पहिली पायरी: फाइल उघडा आणि तुमचं मूल कोणत्या गटात बसतं ते विचारा

"हार्टचं ऑपरेशन झालंय" एवढं सांगून भागत नाही. पुढचा धोका कोणता दोष होता आणि काय दुरुस्ती झाली, यावर ठरतो. ढोबळमानाने असं:

छिद्र होतं, पूर्ण बंद झालं, मागे काही उरलं नाही: अशी बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच. त्यांना नियम तेच, जे शेजारच्या मुलाला. या मुलांना जन्मभर आजारी समजणं हाच त्यांच्यावरचा मोठा अन्याय.

कोआर्क्टेशन किंवा महाधमनीची अरुंद झडप: इथे बीपी हा मुख्य शत्रू. दुरुस्ती उत्तम झाली तरी पुढे बीपी वाढू शकतं.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना, म्हणजे कोरोनरींना, हात लागलेला: दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल असलेल्या बाळाच्या ऑपरेशनमध्ये कोरोनरी उचलून नव्या जागी शिवतात. कावासाकी आजारात, म्हणजे लहान मुलांना ताप येऊन रक्तवाहिन्या सुजतात त्या आजारात, त्यांना फुगवटे येऊ शकतात. अशा वाहिन्यांवर पुढे चरबीचा थर परवडत नाही, म्हणून कोलेस्टेरॉलकडे अधिक लक्ष.

एकच कप्पा काम करतो, फोंटान ऑपरेशन झालंय: इथे रक्त फुफ्फुसाकडे ढकलायला वेगळा पंपच नसतो. पायांचे स्नायू आणि श्वास यांच्या जोरावर बरंच रक्त पुढे सरकतं. त्यामुळे वाढलेलं वजन आणि बसून राहणं या मुलांना सगळ्यांत महागात पडतं.

वाताच्या तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या) झडपा बिघडलेल्या: इथे सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, बहुधा दर तीन आठवड्यांनी, एकही न चुकवता. बाकी सारं त्यानंतर.

पुढच्या भेटीत चार प्रश्न लिहून न्या. दोषाचं आणि ऑपरेशनचं नेमकं नाव काय? मागे काय उरलं आहे? कोणत्या खेळाला मनाई आहे आणि का? बीपी, कोलेस्टेरॉल, साखर पुन्हा कधी तपासायची? उत्तरं तिथेच वहीत उतरवून घ्या. बाहेर आल्यावर निम्मं विसरतं, हा अनुभव आहे.

दुसरी पायरी: वजन, पण नुसत्या काट्यावर नव्हे

वजनाचा एक आकडा काही सांगत नाही. उंची आणि वजन दोन्ही भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्यावर मांडून घ्या. पाच ते अठरा वर्षांसाठीचे त्यांचे तक्ते २०१५ साली सुधारले गेले. त्यात जादा वजनाची रेषा मोठ्यांच्या २३ बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आणि लठ्ठपणाची २७ ला जुळवलेली आहे. पाश्चात्त्य तक्त्यांतल्या २५ आणि ३० पेक्षा ती मुद्दाम खाली ठेवली आहे.

त्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती. म्हणून "आमचं तर काडीसारखं आहे, त्याला कसली चरबी?" हा युक्तिवाद आपल्याकडे टिकत नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी कितीतरी मुलं आपण रोज बघतो.

पाच-सहा वर्षांपुढच्या मुलासाठी घरी एक साधी तपासणी करता येते. मुलाच्या उंचीएवढा सुती दोरा कापा. तो मधोमध दुमडा. हा दुमडलेला दोरा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या जागी पोटाभोवती आरामात पुरला पाहिजे. १३२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा घेर ६६ च्या आत हवा. दोरा पुरला नाही तर पुढच्या भेटीत सांगा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, रोज नको.

एक मात्र कधीही विसरू नका. चार-आठ दिवसांत वजन भरभर वाढलं, पोट फुगलं, पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजला, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. तेव्हा आहार बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं. बहुतेकदा वजन तिथेच रोखायचं आणि उंची वाढू द्यायची. उपाशी ठेवणं, एक वेळचं जेवण बंद करणं, हे या मुलांवर अजिबात नको.

तिसरी पायरी: बीपी नीट घ्या

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण इथेच आमची फसगत झाली होती. एका शिबिरात लेकीचं बीपी डाव्या दंडावर, मोठ्यांचा पट्टा गुंडाळून घेतलं आणि "एकदम छान" असं लिहून दिलं. आम्ही सहा महिने निर्धास्त. पुढच्या तपासणीत योग्य पट्टा उजव्या हातावर लावला तेव्हा आकडा वर होता.

पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी असावी. पट्टा मोठा असला की बीपी खोटं कमी दिसतं, लहान असला की खोटं जास्त. घरी यंत्र घेणार असाल तर आधी दंडाचा घेर मोजा, मग त्या मापाचा पट्टा मिळतो का ते बघा. मनगटावरची यंत्रं मुलांसाठी नकोत.

हात उजवा. कोआर्क्टेशनच्या काही शस्त्रक्रियांत डाव्या हाताच्या रक्तवाहिनीचा वापर होतो, आणि आवळलेली जागाही तिच्या अगदी लगत असू शकते. मग डावा हात कमीच दाखवणार. निळ्या बाळांना, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडून ज्यांचे ओठ-नखं निळी दिसतात त्यांना, लहानपणी फुफ्फुसाकडे नळी जोडलेली असेल, तर त्या बाजूच्या हातावरही भरवसा नसतो. त्यांच्यासाठी कोणता हात, ते फाइलीत लिहून घ्या. कोआर्क्टेशनवाल्यांचं वर्षातून एकदा तरी पायाचंही बीपी घ्यावं. पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्त असतं. हाताचं पायापेक्षा २० ने जास्त आलं तर ती जागा पुन्हा आवळत आहे का, हे बघावं लागतं.

घेताना मुलाला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाऊल जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. जिने चढून आल्याआल्या, रडताना किंवा लघवी तुंबलेली असताना घेऊ नका. तीन वेळा घ्या. पहिला आकडा बहुतेक वेळा चढाच असतो.

मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांवर ठरतं. तरी मनात एक अंदाज हवा. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या सूचनांत एक सोपा तक्ता आहे. त्यातले काही आकडे देतो, मुलामुलींत एखाद-दोन आकड्यांचाच फरक आहे. यापेक्षा वर दिसलं की पुढे नीट तपासायचं:

३ वर्षं: १०१/५८
५ वर्षं: १०३/६३
८ वर्षं: १०७/६९
१० वर्षं: १०८/७२
१२ वर्षं: ११३/७५
१३ आणि पुढे: १२०/८०

हे आजाराचे आकडे नव्हेत, फक्त धोक्याची घंटा आहे. उलट, १२०/८० हे मोठ्यांचं "नॉर्मल" पाच वर्षांच्या मुलाला लावून कोणी निश्चिंत करत असेल, तर तिथे थांबून विचारा. निरोगी मुलांचं बीपी तीन वर्षांनंतर दरवर्षी मोजतात. हृदयविकार असलेल्यांचं त्याआधीपासून आणि प्रत्येक भेटीत मोजायला हवं. कोआर्क्टेशनच्या मुलांत दवाखान्यात ठीक आणि घरी-शाळेत वाढलेलं, असंही होतं. म्हणून डॉक्टर कधी २४ तासांचं यंत्र कमरेला लावून देतात. आमच्या लेकीला ते लावून शाळेत जायची भारी लाज वाटली. मग रविवारी लावलं, पण दिवसभर अंगणात खेळू दिलं.

सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी आणि स्टेरॉइडनेही बीपी चढतं. मेडिकलमधून आपल्या मनाने सर्दीचं सिरप आणू नका.

चौथी पायरी: ताट

वेगळं पथ्याचं ताट वाढू नका. एकट्या मुलाला फिकं आणि बाकीच्यांना झणझणीत, हे चार दिवस टिकतं. बदल घराच्या कढईतच करावा लागतो.

मीठ मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, तोही सगळं धरून. मुलांना त्याहून कमी. आपल्याकडे मीठ भाजीत कमी आणि भाजीच्या आजूबाजूला जास्त असतं: लोणचं, पापड, फरसाण, चिवडा, वेफर्स, ब्रेड, बिस्किटं, झटपट नूडल्सची मसाल्याची पुडी, ताकातलं वरून घातलेलं मीठ. पापडखार आणि खायचा सोडा चवीला खारट नसले तरी त्यांतही सोडियम असतंच. मिठाचं भांडं जेवणाच्या टेबलावरून उचललं, तिथून आम्ही सुरुवात केली. महिनाभर सगळे कुरकुरले, नंतर हॉटेलातली भाजी खारट लागायला लागली.

"हार्टसाठी चांगलं" म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची औषधं घेणाऱ्या, अथवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या मुलाच्या रक्तात ते धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

साखरेबाबत दुधात घालायच्या पुड्यांचं लेबल एकदा वाचा, बहुतेकांत साखर वरच्या नावांतच सापडेल. तूप, तेल बंद करायचं नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचा स्निग्धांश तर मुळीच तोडायचा नाही. पण भाकरीवर एक चमचा तूप आणि रोज संध्याकाळी वडापाव यांत फरक आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वरण, कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, हंगामाचं फळ: आपलं जुनं ताट या बाबतीत खूप शहाणं आहे. गडबड होते ती चार ते सात या वेळेत. शाळेतून आलेल्या मुलाच्या हाताला आधी काय लागतं ते बघा. आमच्याकडे बिस्किटांचा डबा फडताळात वर गेला आणि उकडलेले हरभरे खाली आले. ही क्रांती वाटत नाही, पण झालेला फरक याचाच.

वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालेभाज्या बंद करू नका, रोज साधारण सारख्याच प्रमाणात द्या. निळ्या किंवा फोंटानच्या मुलांना पाणी कमी पडू देऊ नका आणि त्यांच्याकडून कडक उपास करवू नका. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

पाचवी पायरी: खेळ

सगळ्यांत जास्त भीती इथे असते, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही. बहुतेक मुलांना खेळायला परवानगी असते, घरचेच ती देत नाहीत. शाळा तर आणखी घाबरते. पी.टी.च्या तासाला वर्गात दप्तरं राखायला बसवलेलं मूल मी पाहिलं आहे. छिद्र बंद होऊन सहा वर्षं झाली होती त्याची.

पाच ते सतरा वयाला रोज सरासरी तासभर अंग हलवणारा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या मुलाला किती झेपेल, हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडून "खेळू नये" अशी चिठ्ठी मागू नका, "काय खेळावं" अशी मागा. शाळेला पत्र द्यायचं तर त्यात तीन ओळी पुरतात: हे चालेल, हे चालणार नाही, दमल्यावर स्वतःहून थांबू द्यावं.

मनाई कुठे असते, तेही समजून घ्या. महाधमनी फुगलेली, झडप खूप अरुंद किंवा बीपी चढं असेल, तर श्वास रोखून जोर लावायचे प्रकार नको: रस्सीखेच, वजन उचलणं, जोर काढणं. प्राणायाम शिकवणाऱ्यांनाही कुंभक टाळायला सांगा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कबड्डी, कुस्ती, दहीहंडीचे थर नको. हृदयाचे ठोके अचानक बिघडण्याचा आजार असेल तर पोहण्याबद्दल स्पष्ट विचारा. छातीचं हाड कापलं असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे सायकल, झाडावर चढणं, जड दप्तर बंद. बाळाला काखेत धरून उचलू नका, बुडाखाली हात घालून उचला.

जोर किती, याला घरगुती माप आहे. खेळताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजत बसू नका, ठोके मंद करणारी औषधं चालू असतील तर ती फसवते. ज्या मुलाने वर्षभर काहीच केलेलं नाही, त्याला दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. चालताना सोबत जा. आमची लेक कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायलाही कंटाळायची, कुत्र्याचं पिल्लू आल्यावर ते प्रकरण आपोआप मिटलं.

खेळता खेळता चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ओठ पूर्वीपेक्षा निळे होणं, धडधड न थांबणं: यातलं काहीही झालं तर खेळ तिथेच बंद, त्याच दिवशी डॉक्टर. "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

सहावी पायरी: रक्ताच्या तपासण्या

कोलेस्टेरॉल सर्वच मुलांचं नऊ ते अकरा या वयात एकदा आणि सतरा ते एकवीसमध्ये एकदा बघावं, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. कोरोनरीचा प्रश्न असलेल्यांचं, वजन जास्त असलेल्यांचं, किंवा घरात कुणाला कमी वयात अटॅक आलेल्यांचं आधीच बघतात. मुलांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११० च्या खाली चांगलं, १३० आणि वर जास्त. ऑपरेशन किंवा मोठ्या तापानंतर लगेच तपासू नका, आकडा खोटा कमी येतो. वजन जास्त असेल तर दहाव्या वर्षापासून किंवा वयात येऊ लागताच साखरही बघतात. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, फसवू शकतं, हे लॅबला नव्हे, डॉक्टरांना आठवण करून द्या.

पैशांची अडचण असेल तर अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक विसरू नका. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मजात हृदयदोष आणि वाताच्या तापाचा हृदयविकार हे दोन्ही त्यांच्या यादीत आहेत.

सातवी पायरी: धूर, दात, झोप

घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर "गॅलरीत जाऊन ओढतो" हे पुरेसं नाही, धूर कपड्यांवर आणि घरभर राहतो. तव्यावर मशेरी भाजणं हाही तंबाखूचाच धूर. आणि आजीला दातांना मशेरी लावताना बघून नातीला ती निरुपद्रवी वाटते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, तरी टपरीवर काय लटकतं ते आपण रोज बघतो. बारा-तेराव्या वर्षीच मुलाशी उघड बोला.

दात दोन वेळा घासायचे, सहा महिन्यांनी दाखवायचे. किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. कृत्रिम झडप किंवा न दुरुस्त झालेला निळा दोष असेल, तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं का, हे विचारा.

मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, विशेषतः डाउन सिंड्रोम असलेलं मूल, तर ते सवयीचं समजू नका. त्याने फुफ्फुसातला दाब वाढतो. शाळकरी मुलाला नऊ तास तरी झोप हवी, आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर.

फाइल मुलाच्या हातात द्या, पण हळूहळू

बारा-तेराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं मुलालाच देऊ द्या, आपण खुर्ची थोडी मागे ओढायची. चौदा-पंधराव्या वर्षी मुलींशी पाळी आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना एकांतात बोलू द्या. काही हृदयदोषांत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि हे तिला आईकडून नव्हे तर तज्ज्ञाकडून कळलेलं बरं. अठरानंतर बालहृदयरोगतज्ज्ञ बदलावे लागतात. याच काळात पुष्कळ तरुण तपासणीच सोडतात, कारण त्रास काहीच नसतो.

म्हणून फाइलीच्या पहिल्या पानावर आम्ही एक कागद चिकटवला आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून. दोषाचं नाव, ऑपरेशनची तारीख, रक्तगट, चालू औषधं मात्रेसह, शेवटचा एको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, चालणारे आणि न चालणारे खेळ, फोन कुणाला करायचा. सगळ्यांत वर, लाल पेनने, तिने स्वतःच लिहिलं आहे: बीपी उजव्या हाताला, पट्टा माझ्या मापाचा.